वाचकांचे प्रश्न : हिवाळ्यातले घाट आणि एकट्याची मोटरसायकल

हिवाळ्यात डोंगरांत मोटरसायकलने जाण्याविषयी आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. पहिले पत्र सर्वांत मोठे आहे आणि त्याचे उत्तरही त्यामुळे लांबले आहे, कारण इतर पाच पत्रांतल्या शंका थोड्याफार फरकाने त्याच एका प्रश्नापाशी येऊन थांबतात.

प्रश्न : गेली सोळा वर्षे मोटरसायकल हेच माझे वेड आहे. गाडी मी स्वतः धुतो, टॅपेट (इंजिनाच्या झडपांची फट) स्वतः लावतो, चेन स्वतः ताणतो. उन्हाळ्यात मित्रांबरोबर पुष्कळ घाट पालथे घातले, पण यंदा जानेवारीत पाच दिवस एकट्याने उंच डोंगरांत जावे असे फार वाटते आहे. घरचे म्हणतात, हा शुद्ध अविचार आहे. एकट्याने जाणे खरोखरच चूक आहे का? आणि हे इतके का वाटते, ते घरच्यांना कसे समजावून सांगावे?

उत्तर : टॅपेट स्वतः लावणाऱ्या माणसाला गाडीचा आवाज कानाने नव्हे, हाताने ऐकू येतो, आणि ते सुख ज्याने अनुभवले नाही त्याला ते शब्दांनी पटवणे अवघड आहे. तरीही घरच्यांना एवढे सांगून पाहा की मोटारीत बसलेला माणूस डोंगर काचेतून पाहतो, तर मोटरसायकलवरचा माणूस त्या डोंगराच्या हवेतच असतो. सावलीतल्या वळणात शिरताच गुडघ्यांना लागणारा गारठा, ओल्या देवदारांचा वास, उतारावर थ्रॉटल, म्हणजे वेगाची मूठ, सोडल्यावर इंजिनाचा खाली उतरणारा सूर, या सगळ्यांत तो सतत सामील असतो. हिवाळ्यात रस्ते रिकामे असतात, हवा स्वच्छ असते, आणि बर्फामुळे डोंगराची प्रत्येक घडी उठून दिसते. एकटे असल्यावर कुणाच्या मागच्या दिव्याचा पाठलाग करावा लागत नाही, थांबावेसे वाटले तर कुणाची परवानगी लागत नाही. हे सारे मला मनापासून प्रिय आहे, आणि म्हणूनच तुमच्या इच्छेला मी अविचार म्हणणार नाही.

मात्र एकट्याने जाण्यातला धोका नेमका कुठे आहे, हे बहुतेक जण चुकीच्या जागी शोधतात. गाडी बंद पडेल, चाक घसरेल, रस्ता चुकेल, अशी भीती घरच्यांना वाटते आणि ती रास्तही आहे; पण त्याहून मोठा धोका असा की थंडी माणसाच्या बोटांनंतर लगेच त्याच्या विचारशक्तीला गाठते, आणि ते ज्याचे त्याला कळत नाही. शरीराचे आतले तापमान ३५ अंश सेल्सियसच्या खाली गेले की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. बोलणे जड होणे, हातातून वस्तू निसटणे, चालताना तोल जाणे, विनाकारण चिडचिड होणे ही त्याची सुरुवातीची लक्षणे. गटात असताना ही लक्षणे दुसऱ्याला दिसतात आणि तो तुम्हाला थांबवतो. एकट्याला थांबवणारे कुणी नसते.

मी हे अनुभवाने लिहितो आहे. काही वर्षांपूर्वी एका खिंडीच्या वाटेवर, दुपार कलल्यानंतर, 'आता थोडेच राहिले' असे म्हणत मी तासभर अधिक पुढे गेलो. हातांना संवेदना राहिली नव्हती हे मला ठाऊक होते. पण टाकीत उरलेल्या पेट्रोलवर किती किलोमीटर जाता येईल, हा शाळकरी भागाकार मला तीनदा करूनही जमला नाही, तेव्हा मात्र मी घाबरलो. गाडी वळवली आणि मागे सोडलेल्या गावापर्यंत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो. जॅकेटची चेन त्या घरातल्या माणसांनी उघडून दिली, कारण माझी बोटे मिटत नव्हती.

त्या दिवसापासून मी एक नियम पाळतो आणि तुम्हीही तो पाळावा असा माझा आग्रह आहे. परत फिरण्याची वेळ आणि परत फिरण्याच्या खुणा सकाळी, अंगात ऊब असताना, कागदावर लिहून टाकीवरच्या पिशवीत ठेवाव्यात. दुपारी दोन वाजेपर्यंत खिंडीचा माथा आला नाही तर वळायचे. करंगळी अंगठ्याला टेकवता आली नाही तर थांबायचे. अंगाचे कापणे दहा मिनिटे थांबून, अंग हलवूनही गेले नाही तर त्या दिवसाचा प्रवास तिथेच संपवायचा. खिंडीच्या वाटेवर असताना यावर पुन्हा विचार करायचा नाही, कारण तिथे विचार करणारा माणूस सकाळी होता तितका शहाणा राहिलेला नसतो. हा कागद घरच्यांनाही दाखवा. तुमच्या वेडाचे स्पष्टीकरण त्यांना पटो वा न पटो, हा कागद त्यांना नक्की कळेल.

वाऱ्याचा हिशेबही त्यांच्यासमोर मांडता येईल. हवामान खात्यांच्या वापरातील वातशीतांकाच्या, म्हणजे वाऱ्यामुळे जाणवणाऱ्या थंडीच्या, सूत्रानुसार हवेचे तापमान ५ अंश असताना ताशी ६० किलोमीटर वेगाचा वारा लागला तर उघड्या त्वचेला ते उणे २ अंशांसारखे वाटते, आणि तापमान शून्य असेल तर उणे ९ अंशांसारखे. मोटरसायकलवर हा वारा आपण स्वतःच निर्माण करत असतो. म्हणून वेग कमी करणे हा थंडीवरचा सर्वांत सोपा उपाय आहे, आणि पाच दिवसांच्या प्रवासात रोजचे अंतर उन्हाळ्याच्या निम्मेच धरावे, असे मी सुचवीन.

शेवटची गोष्ट उंचीची. २५०० मीटरच्या वर मुक्काम असेल तर विरळ हवेचा त्रास कुणालाही होऊ शकतो, मग तो कितीही धडधाकट असो. ३००० मीटरच्या वर एका दिवसात मुक्कामाची उंची ५०० मीटरहून अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर विसावा घ्यावा, असा डॉक्टरांचा सर्वमान्य सल्ला आहे. गाडी तासाभरात हजार मीटर चढवते, शरीर तसे चढत नाही. डोकेदुखी आणि मळमळ घेऊन आणखी वर जाऊ नका. खाली उतरणे हाच त्यावरचा खात्रीचा उपचार आहे.

प्रश्न : काळ्या बर्फाविषयी पुष्कळ ऐकले आहे, पण तो दिसत नाही असेही म्हणतात. जे दिसतच नाही ते ओळखायचे कसे, आणि गाडी त्यावर गेलीच तर काय करायचे?

उत्तर : हा बर्फ काळा नसतो, पारदर्शक असतो, आणि खालचे डांबर त्यातून दिसते म्हणून तो काळा वाटतो. ओल्या रस्त्यासारखा दिसणारा पण पुढच्या वाहनाच्या चाकांतून पाणी न उडणारा पट्टा दिसला, तर तो बर्फ आहे असेच समजावे. त्याहून विश्वासार्ह मार्ग म्हणजे तो कुठे तयार होतो हे जाणणे. दिवसा उन्हाने वितळलेले पाणी रस्त्यावरून वाहते आणि सूर्य मावळल्यावर गोठते. त्यामुळे जिथे वरच्या उतारावरून ओघळ रस्ता ओलांडतो, जिथे वळणाच्या आतल्या बाजूला दिवसभर सावली असते, जिथे उंच झाडांची रांग किंवा कडा ऊन अडवतो, तिथे तो हमखास असतो. पुलांना खालूनही थंड हवा लागते, म्हणून पूल आसपासच्या रस्त्याच्या आधी गोठतात. दरीच्या तळाशीही सावध राहावे, कारण रात्री जड झालेली थंड हवा उतारावरून खाली साचते आणि सकाळी तळातला रस्ता मधल्या उतारावरच्या रस्त्यापेक्षा अधिक गारठलेला असू शकतो.

त्यावर पकड किती कमी असते याची कल्पना एका आकड्याने येईल. कोरड्या डांबरावर ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी पूर्ण ब्रेक लावल्यावर सुमारे ९ मीटरांत थांबते. तेच बर्फावर साठ मीटरांहून अधिक अंतर लागते, तेही गाडी उभी राहिली तर. त्यातही शून्याच्या आसपासचा, वरून ओलसर असलेला बर्फ सर्वांत निसरडा असतो. उणे वीस अंशांतला कोरडा बर्फ त्यामानाने बरी पकड देतो. म्हणून 'आज थंडी कमी आहे' या समाधानात राहू नये.

गाडी बर्फावर गेल्याचे कळेल तेव्हा शक्यतो काहीच करू नये, हे ऐकायला विचित्र वाटले तरी खरे आहे. थ्रॉटल होते तिथेच धरावे, गाडी सरळ ठेवावी, नजर पलीकडच्या कोरड्या डांबरावर ठेवावी आणि पुढच्या ब्रेकला हात लावू नये. थ्रॉटल एकदम सोडला तर इंजिनाच्या ओढीने मागचे चाक धरले जाते आणि बाजूला सरकते, म्हणून वेग कमी करायचाच असेल तर क्लच हलकेच दाबून चाक मोकळे करावे. उतारावर ही गोष्ट सर्वांत कठीण होते. तिथे बर्फ येण्याआधीच खालच्या गिअरमध्ये, चालण्याच्या वेगाने, दोन्ही पाय जमिनीच्या जवळ ठेवून उतरावे, आणि मनाला पटत नसेल तर गाडी कडेला लावून तो पट्टा आधी पायी चालून पाहावा. बुटाने जे कळते ते टायर सांगेपर्यंत उशीर झालेला असतो. एबीएस असलेल्या गाड्यांच्या मालकांनी एवढे लक्षात ठेवावे की ती यंत्रणा चाक अडकू देत नाही, पण नसलेली पकड ती आणू शकत नाही.

या सगळ्याचा व्यवहारातला निष्कर्ष वेळापत्रकात आहे. सकाळी रस्त्यावर ऊन पडल्याखेरीज निघू नये आणि ऊन जाण्याआधी मुक्कामी पोहोचावे. हिवाळ्यातला डोंगरातला दिवस त्यामुळे पाच-सहा तासांचाच उरतो.

प्रश्न : थंड ठिकाणी सकाळी माझी गाडी सुरूच होत नाही. बॅटरी नवी आहे. काय करावे?

उत्तर : नवी बॅटरीही थंडीत तितकीच हतबल होते. साध्या लेड-ॲसिड बॅटरीची क्षमता उणे १८ अंशांच्या आसपास जवळपास निम्म्यावर येते, आणि त्याच वेळी घट्ट झालेल्या ऑइलमुळे इंजिन फिरवायला अधिक जोर लागतो. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी कडाक्याच्या थंडीतही गोठत नाही, पण उतरलेल्या बॅटरीतले द्रावण पाण्याच्या जवळ जाते आणि शून्याच्या थोडे खाली गोठून बॅटरी फुटू शकते. म्हणून शक्य असेल तिथे रात्री बॅटरी काढून खोलीत न्यावी. दोन स्क्रूंचे काम आहे आणि सकाळचा अर्धा तास वाचतो. लिथियम बॅटरी असेल तर स्टार्टर दाबण्याआधी दोन-तीन मिनिटे हेडलाइट लावून ठेवावा, म्हणजे ती आतून थोडी तापते. मात्र शून्याखालच्या तापमानात ती चार्जरला लावू नये.

ऑइल निवडताना डब्यावरच्या 'डब्ल्यू' या अक्षराआधीचा आकडा पाहावा. ते अक्षर हिवाळ्याचे आहे आणि आकडा जितका लहान, तितके ऑइल थंडीत लवकर वाहते. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत १०डब्ल्यू-४० बरोबर ५डब्ल्यू-४० लाही मान्यता असेल, तर हिवाळ्यात दुसरे घ्यावे. स्टार्ट करताना क्लच दाबून धरावा, स्टार्टर पाच सेकंदांहून अधिक दाबू नये, आणि मध्ये अर्धा मिनिट बॅटरीला उसंत द्यावी. रात्री गाडी लावताना टाकी भरलेली असावी, म्हणजे आत दव धरत नाही. साइड स्टँडखाली लाकडाची फळी ठेवावी, म्हणजे तो गोठलेल्या जमिनीत रुतून चिकटत नाही.

प्रश्न : माझ्याकडे जुनी कार्ब्युरेटरची गाडी आहे. उंचावर ती धूर सोडते आणि ओढत नाही. दोष गाडीत आहे का? आणि टायरच्या हवेचे काय करावे?

उत्तर : दोष नाही. दर हजार मीटरला साध्या इंजिनाची ताकद सुमारे दहा टक्क्यांनी घटते, कारण हवाच विरळ होते. ३००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे सत्तर टक्के उरतो आणि ५५०० मीटरवर निम्मा. कार्ब्युरेटरला, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागाला, हे कळत नाही, तो पेट्रोल जवळपास तितकेच देत राहतो, म्हणून मिश्रणात हवेच्या मानाने पेट्रोल जास्त होते आणि काळा धूर येतो. बरेच दिवस उंचावर राहणार असाल तर एक-दोन क्रमांकांनी लहान मेन जेट (पेट्रोल सोडणारे छिद्र असलेला भाग) बसवावा, आणि खाली उतरण्याआधी तो आठवणीने बदलावा, कारण खालच्या दाट हवेत अपुऱ्या पेट्रोलावर इंजिन तापते. फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत हवेचा दाब मोजणारा सेन्सर हे काम स्वतः करतो, पण गेलेली ताकद तोही परत आणत नाही.

टायरच्या हवेविषयीही तुम्ही विचारले आहे. तापमान साडेपाच अंशांनी उतरले की दाब साधारण एक पीएसआयने (टायरमधला दाब मोजण्याचे एकक) कमी होतो, तर समुद्रसपाटीवरून ३००० मीटरवर गेल्यास गेजवरचा आकडा सुमारे साडेचार पीएसआयने वाढतो. दोन्ही एकमेकांना काही अंशी खोडतात, म्हणून अंदाज न बांधता मुक्कामाच्या ठिकाणी सकाळी, गाडी हलवण्याआधी, गेज लावून पाहावे.

प्रश्न : हात फार गारठतात. तीन जोड हातमोजे घालूनही फरक पडत नाही. तसेच, हिवाळ्यात मोटरसायकल चालवणारी आमच्यासारखी माणसे इतरत्रही आहेत का?

उत्तर : तीन जोड हातमोज्यांमुळेच फरक पडत नाही. बोटे आवळली गेली की रक्त पोहोचत नाही आणि ऊब रक्तातूनच येते. बुटांतल्या दोन जाड मोज्यांचेही तेच. एकच सैलसर, वारा न शिरणारा हातमोजा घालावा आणि हँडलवर मोठे आवरण चढवावे. हे आवरण दिसायला ओबडधोबड असते, पण वाऱ्यालाच अडवते आणि त्याला वीजही लागत नाही. गरम होणाऱ्या ग्रिप उत्तम, मात्र त्या ३० ते ५० वॅट घेतात आणि गरम जॅकेट त्याच्या दुप्पट. लहान गाडीच्या आल्टरनेटरला (वीज तयार करणाऱ्या भागाला) हेडलाइटसकट हे सगळे पेलत नाही आणि बॅटरी हळूहळू उतरते. अंगात सर्वांत आत लोकर किंवा घाम बाहेर टाकणारे कृत्रिम कापड असावे, सुती बनियन नको, कारण ओला झालेला सुती कपडा अंगाची ऊब ओढून घेतो. बोटे पांढरी पडून कडक झाली तर ती चोळू नयेत, बर्फ तर मुळीच लावू नये. पुन्हा गोठण्याची भीती नाही अशा ठिकाणी पोहोचल्यावर ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात धरावीत आणि डॉक्टरांना दाखवावीत. तंबूत ऊब यावी म्हणून स्टोव्ह पेटवून झोपणे हा जिवाशी खेळ आहे. त्यातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आणि हो, आपल्यासारखी माणसे पुष्कळ आहेत. जर्मनीत १९५६ साली एर्न्स्ट लेव्हरकुस या पत्रकाराने श्टुटगार्टजवळच्या सोलिट्यूड या शर्यतमार्गावर साइडकारवाल्या स्वारांचा हिवाळी मेळावा भरवला. त्यातले बहुतेक जण झुंडाप केएस ६०१ ही 'हिरवा हत्ती' म्हणून ओळखली जाणारी गाडी चालवत, म्हणून त्याला हत्तींचा मेळावा असे नाव पडले. तो आजही बव्हेरियाच्या जंगलात, ऐन हिवाळ्यात, बर्फात तंबू ठोकून भरतो. एकट्याने जाणाऱ्यांत मला एल्स्पेथ बिअर्ड यांचे उदाहरण नेहमी आठवते. वास्तुकलेची ही विद्यार्थिनी १९८२ साली लंडनहून बीएमडब्ल्यू आर६०/६ घेऊन जगप्रदक्षिणेला निघाली, आणि वाटेत सिडनीत काम करत असताना सामानाच्या पेट्याही तिने ॲल्युमिनियमच्या पत्र्यातून स्वतः घडवल्या. गाडीवरचे प्रेम मला अशाच कामात सर्वांत स्पष्ट दिसते.

प्रश्न : माझा मुलगा सव्वीस वर्षांचा आहे आणि दर हिवाळ्यात मोटरसायकल घेऊन एकटाच डोंगरात जातो. मी आई आहे, रात्ररात्र झोप लागत नाही. त्याला अडवावे का?

उत्तर : ताई, अडवू नका असे मी म्हणेन, कारण अडवलेला मुलगा न सांगता जातो आणि न सांगता गेलेल्याला शोधणे सर्वांत कठीण असते. त्याऐवजी निघण्याआधी त्याच्याकडून एक कागद मागून घ्या. त्यावर रोजचा मार्ग, मुक्कामाची ठिकाणे, गाडीचा क्रमांक आणि रंग, अंगावरच्या कपड्यांचा रंग आणि पहिल्या उत्तरात सांगितलेली परत फिरण्याची वेळ असावी. दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी, त्याने निरोप द्यावा. डोंगरात फोनला सिग्नल नसतो, म्हणून उपग्रहावरून संदेश पाठवणारे छोटे यंत्र त्याला घेऊन देता आले तर फार बरे. फोन त्याने आतल्या खिशात, अंगालगत ठेवावा, म्हणजे थंडीने बॅटरी मरत नाही. ठरलेल्या वेळेनंतर किती तास वाट पाहायची आणि मग त्या भागातल्या कोणत्या पोलीस चौकीला किंवा बचाव पथकाला फोन करायचा, हे दोघांनी आधीच ठरवून क्रमांक लिहून ठेवा. रात्री झोप न लागण्याचे कारण बहुधा हेच असते की नेमके केव्हा घाबरायचे हे ठरलेले नसते.

आणखी एक विनंती आहे. एखाद्या संध्याकाळी तो फोन करून सांगेल की खिंड चार किलोमीटरवर असताना तो वळला, एवढ्या दूर जाऊनही माथा पाहिला नाही, आणि त्याच्या आवाजात थोडी खंत असेल. तेव्हा 'मग गेलास कशाला' असे म्हणू नका. कितीला वळलास ते विचारा, हात गरम झाले का ते विचारा, आणि त्याला उद्याचा मार्ग सांगू द्या.